होडी भिजत ठेवायची असते

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे होडीत पाणी ओतलं. सकाळचं, ऊन चढायच्या आत. रोजचंच होतं ते. त्या दिवशी वेगळं काही नव्हतं, म्हणून नीट बघून ठेवलं नाही. आता आठवायला बसलं की ती सकाळ आणि तिच्या आधीच्या सकाळी एकमेकीत मिसळतात.

होडी धरणाच्या पोटात कोरड्या गाळावर उभी होती. दोन सालं पाऊस नव्हता. धरणाचा डोह तेवढा राहिला होता, आणि तोही आमच्यापासून शंभर पावलं लांब गेलता. लाकडाची होडी उन्हात वाळली की फळ्या आकसतात. सांध्यात ठोकलेल्या चिंध्या आणि डांबर निघून पडतं. मग पाऊस येऊन धरण भरलं तरी ती होडी चाळणीसारखी गळते, तिला पाण्यात घालून उपयोग नसतो. म्हणून होडी पाण्याबाहेर असली की तिच्या पोटात पाणी ठेवायचं. तळाला पोती अंथरायची आणि वरून ओतायचं. निम्मं रात्रीतून झिरपून जातं. सकाळी परत भरायचं.

मी कावडीला दोन डबे लावून आणायचो, ती डोक्यावर एक. मोजायचं काम तिचं. ती विसांनी मोजायची, तिच्या आईनं शिकवलं तसं. दोन विसा, म्हणजे चाळीस डबे झाले की पाणी दुसऱ्या फळीला लागायचं आणि ती म्हणायची, "झालं, प्याली." मग होडीच्याच सावलीला बसून आम्ही भाकरी खायचो.

वर काठावर जनावरांची छावणी होती आणि तिथंच टँकर यायचा. टँकरला जाणाऱ्या बाया आम्हाला बघायच्या. त्यातली एक रोज ओरडायची, "अवो मावशी, हितं माणसाला प्यायला न्हाई अन तुमी लाकडाला पाजायलाव?"

ही डबा डोक्यावरून न उतरवता म्हणायची, "हे पाणी म्हशीबी हुंगून सोडत्यात बाई. तुझ्या सासूला चालत आसंल तर ने दोन डबे."

वर सगळ्या हसायच्या. ही पण हसायची. मी हसत नव्हतो. कारण ती होडी मी देऊन टाकलेली होती आणि हिला ते सांगितलं नव्हतं.

ते सांगायच्या आधी होडी कुठून आली ते सांगतो.

मी पाण्यातला माणूस नाही. आमचं रान नदीकाठी होतं, काळं, विहिरीसकट. धरण झालं तसं ते पाण्याखाली गेलं. बदल्यात माळावर मिळालं, मुरूम नुसता. त्याच्यावर दोन सालं घासली, मग दोन सालं बायकोला घेऊन कारखान्याच्या उसाला गेलो. दुसऱ्या सालाला परत आलो तेव्हा धरण काठोकाठ होतं. नदीवर पूर्वी एक म्हातारा नावाडी लोकांना पलीकडं सोडायचा, त्याची होडी काठाला पडून होती. हिनं ती बघितली. घरी आल्यावर म्हणाली, "रान पाण्याखाली हाय तर आपण पाण्यावर ऱ्हाऊ की. रान तर आपलंच हाय."

मला ते येड्यासारखं वाटलं. पण माळावर परत जायला मलाही तोंड नव्हतं. ज्यांची रानं धरणात गेली त्यांना मच्छीमार सोसायटी सभासद करून घ्यायची. मी बैलजोडी दिली आणि होडी घेतली. थोरला भाऊ चार माणसांत म्हणाला, "बैल देऊन लाकूड आणलंस बे. आता त्याला कडबा घाल."

पोहायला मला यायचं, हिला नाही. शेवटपर्यंत आलं नाही. तीस सालं पाण्यावर राहिली आणि पोहायला शिकली नाही. शिक म्हणलं की म्हणायची, "होडी हाय की."

होडीची लांबी चार माणसं ओळीनं झोपतील एवढी. मागच्या निम्म्यावर बांबू वाकवून ताडपत्री टाकली. लोखंडी घमेल्याला आतून माती लिंपून चूल केली. मधल्या बांबूला पोरगी कमरेला दोरी लावून बांधलेली असायची, रांगत होती तोवर. खताची रिकामी पोती शिवून हिनं मोठा पडदा केला. तो उभ्या बांबूला लावला की वारा धरायचा आणि होडी आपल्याआप चालायची. त्याला शीड म्हणतात हे मला लई उशिरा कळलं, आम्ही पडदाच म्हणायचो. त्याच्यावर ठिकठिकाणी युरिया असं लिहिलेलं होतं. मी दुसरीपर्यंत शिकलेला. बसल्या बसल्या तेवढंच वाचायचो.

वाऱ्यावर आमचं सगळं. दिवाळीनंतर वारा उगवतीकडून यायचा, तेव्हा आम्ही मावळतीच्या काठाला सरकत जायचो. शिमग्यानंतर वारा फिरला की आम्ही फिरायचो. काठावरच्या एका देवळापासून दुसऱ्या देवळाला एसटीनं एक घंटा लागायचा. आम्हाला आठ दिवस लागायचे, कधी पंधरा. संध्याकाळी जाळं टाकायचं, सकाळी ओढायचं, मासळी सोसायटीच्या काट्यावर द्यायची, मग पडदा लावायचा आणि जरा पुढं सरकायचं. वारा पडला तर जिथं आहे तिथं. मी चप्पू मारायला घ्यायचो, तर ही म्हणायची, "पोचून करायचं काय हाय तिथं?" मी चप्पू खाली ठेवायचो.

एकदा कोंबडी पाळली होडीत. वर्षभर अंडी दिली तिनं. एका गावाच्या काठाला होडी लागली आणि ती उडून उतरली ती आलीच नाही. ही म्हणाली, "नांदाया गेली. बरं स्थळ दिसतंय." पुढच्या साली त्याच काठाला गेलो तेव्हा ही सगळ्यांच्या कोंबड्या बघत हिंडत होती.

पोळ्याला बैल नव्हते तर ही होडीची पूजा करायची. होडीच्या तोंडाला गेरू लावायची, बैलांच्या गळ्यातली घुंगरं ठेवली होती ती बांधायची आणि पुरणपोळीचा घास फळीला लावून पाण्यात सोडायची. त्या दिवशी होडी आमच्या रानावर न्यायची असा तिचा नेम. डोंगरावरचा टॉवर आणि देवळाचा कळस एका रेघेत आले की खाली आमची विहीर. तिथं थांबायचं. मी म्हणायचो, हे काय खूळ. पण न्यायचो.

आता उठायची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

होडीचा तळ सपाट आणि काठ बुटका. दोघांपैकी एक जण न सांगता उठला की होडी कलंडते आणि दुसरा पाण्यात. पहिल्या महिन्यात मी दोनदा पडलो, ती एकदा. तिला केसाला धरून वर काढलं. त्या दिवशी ठरलं की उठायच्या आधी सांगायचं. ती म्हणायची, "उठते." मी म्हणायचो, "उठ," आणि अंग दुसऱ्या बाजूला टाकायचो. मी म्हणायचो, "उठतो." ती म्हणायची, "उठा." मग ती सरकायची. बघायची गरज नव्हती. मी पुढं तोंड करून बसायचो, ती माझ्या पाठीमागं. होडी जराशी हलली की कळायचं, उठली.

एकदा आमचं लई मोठं भांडण झालं. पोरीला शाळेसाठी माझ्या बहिणीकडं ठेवलं त्यावरून. चार दिवस एकमेकाशी शब्द नाही. पण उठते, उठ, उठतो, उठा, हे चालू होतं. त्याच्यात भांडण आणता येत नव्हतं.

पोरगी तलवाड्याच्या अलीकडं दिली. पहिल्यांदा तिच्या घरी गेलो. आत बायांची पंगत बसलेली, मी बाहेर ओसरीला. जेवण झाल्यावर ही आतून म्हणाली, "उठते." मी बाहेरून म्हणलो, "उठ."  पोरीच्या सासूनं विचारलं, "इहीणबाई, नवऱ्याला इचारून उठताव व्हय?"

ही म्हणाली, "तर. न्हाई इचारलं तर तुमचं घर कलंडंल."

पोरगी आम्हाला सांगायची, तिच्या सासरी अजून कोणी उठताना एकमेकाला उठते म्हणतात आणि हसतात.

मग हा दुष्काळ आला. धरण उतरत गेलं तसे आम्ही पाण्यामागं सरकत गेलो. एक साल निघालं. दुसऱ्या साली सोसायटीनं पाण्यात माशाचं बीज सोडलं नाही, सोडायला पाणी कुठं होतं. बाकीच्या होड्या एकेक करून बाहेर निघाल्या. कोणी फळ्या काढून जळणाला वापरल्या. एका सकाळी उठलो तर आमच्या होडीच्या खालचं पाणी गेलेलं आणि ती गाळात एका अंगाला रुतलेली. चूक माझी होती. उतरत्या पाण्यात दोरी लांब सोडून होडी आत ठेवायची असते. मी आखूड बांधली होती. दोघांनी दिवसभर ढकललं. हलली नाही. तिथंच ती वाळत गेली आणि तिथंच आम्ही तिला पाणी पाजायला लागलो. ताडपत्री काढून शेजारी गाळावर बांधली आणि तिच्याखाली राहायला लागलो. आमचं रान, विहीर अजून त्या डोहातच होतं. तिथलंच पाणी कावडीनं आणत होतो.

सोसायटीचा चेअरमन माझ्या पोरीच्या वयाचा. त्याच्याही बापाचं रान धरणात गेलेलं. माणूस वाईट नाही. तो एका दिवशी गाळ तुडवत आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, सरकारकडून फायबरच्या होड्या यायल्यात. हलक्या हायत, दोन माणसं उचलत्यात. भिजवायचं न्हाई, डांबर न्हाई, काय न्हाई. जुनी होडी जमा करायची अन नवी घ्यायची."

"जुनीचं काय करणार?"

"लाकूड जाईल लिलावात."

"अन नवीवर ऱ्हाता येतंय?"

"न्हाई. आता पाण्यावर ऱ्हायचं बंदच केलंय. सकाळी जायचं, दिवस मावळायला माघारी. चूल न्हाई, ताडपत्री न्हाई." मग तो म्हणाला, "मामा, मावशीचा दम बघा. डबा घेऊन चालती तवा मला वरून ऐकू येतंय."

तो दम मी रोज ऐकत होतो. पाठीमागून यायचा. दहा डब्यांनंतर ती डबा खाली ठेवायची आणि पदरानं तोंड पुसतेय असं करून उभी राहायची. दवाखान्यात नेलं होतं एकदा. गोळ्या दिल्या होत्या आणि डोक्यावर ओझं घेऊ नका म्हणाले होते. ती म्हणाली, "डबा म्हंजी काय वझं हाय व्हय."

मी विचार केला की होडी गेली तर डबे जातील. डबे गेले तर ही बसंल. मी कागदावर सही केली. अंगठा नाही, सही. सही मला येते. बाजारच्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर येईल असं ठरलं, आठ दिवसांनी.

हिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती न्हाई म्हणाली असती. म्हणून विचारलं नाही. एवढंच आहे ते.

आठ दिवस मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगायचं. पहिला विसा झाला की सांगतो. दुसऱ्या विसाला सांगतो. मग ती म्हणायची, "झालं, प्याली," आणि भाकरी सोडायची. भाकरी खाताना सांगायचं नाही असं मी मनाला सांगायचो. आठ दिवसांतले सात असे गेले.

आठव्या दिवशीही तसंच झालं. बाजाराचा आदला दिवस. दोन विसा झाले. पाणी दुसऱ्या फळीला लागलं. मी कावड खाली ठेवली तर ती म्हणाली, "आणखी पाच वता."

"कावून?"

"उद्या बाजार हाय. यायला उशीर झाला तर ऊन लागंल हिला."

मी पाच ओतले. दोन, दोन आणि एक. कावडीच्या एका बाजूला रिकामा डबा लावून आणला. सांगायला तेवढी जागा होती. सांगितलं नाही.

तिला कुठून कळलं होतं का, मला माहीत नाही. चेअरमनची बायको टँकरला यायची, दोघी बोलत उभ्या राहायच्या. ती बोलली असेल, नसेल. नंतर कोणाला विचारायला मी गेलो नाही.

दुपारी सावली होडीच्या उगवतीच्या अंगाला आली. मी फळीला पाठ लावून जाळं विणत बसलो. जाळं कशासाठी विणत होतो ते विचारू नका, हाताला काम. ती त्याच फळीला पाठ लावून माझ्यापासून चार हातावर, जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडत होती. होडीच्या सांध्यात ठोकायला. चिंधी फाटताना टर्र असा आवाज येतो. तो येत होता.

मग आवाज थांबला आणि ती म्हणाली, "उठते."

मी म्हणलो, "उठ." आणि अंग दुसऱ्या बाजूला टाकलं. जमिनीवर बसलेलो होतो तरी टाकलं. सवय.

मी विणत राहिलो. दोन वेळा सुई भरली. पाण्यावर असतो तर मला लगेच कळलं असतं. ती उठली नाही हे होडीनं सांगितलं असतं. तीस सालं होडीनंच सांगितलं होतं. इथं खाली जमीन होती. जमीन काही हलत नाही. माझ्या हिशेबानं ती उठून गेली होती, डब्यातलं पाणी प्यायला, नाहीतर भांडी घासायला.

सावली वाढत माझ्या पायाच्या पुढं हातभर गेली. मी म्हणलो, "उठतो."

उठा असं आलं नाही. मी परत म्हणलो. मग मान वळवली. ती तिथंच होती. पाठ फळीला, चिंधी हातात, अर्धी फाडलेली. डोळे उघडे होते. डोहाकडं बघत होती म्हणा.

मी लगेच तिला हात लावला नाही. आधी सुई जाळ्यात नीट खोचून ठेवली, हरवू नये म्हणून. मग हात लावला.

मी वर छावणीकडं चालत गेलो. पळालो नाही. ती रोज टोमणा मारणारी बाई तिथंच होती. तिला म्हणलं, "खाली चल. ती गेली." ती म्हणाली, "कुठं गेली?" मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हातातली घागर ठेवली.

दिवस मावळायच्या आत सगळं झालं. छावणीतली माणसं आली, चेअरमन आला. पोरगी आणि जावई जीप करून आले. लाकडं कुठून आणायची असं चाललं होतं तेव्हा एकजण म्हणाला, "होडी हाय की. तशीबी उद्या जायचीच हाय."

पोरगी आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली. "उद्या कुठं जायची हाय?"

 मी होडीकडं बघितलं. चेअरमन त्या माणसाला म्हणाला, "गप बे. वलं लाकूड पेटत नसतंय." आणि तो छावणीतून कडब्याच्या गाडीत लाकडं घेऊन आला.

मी अग्नी दिला. धूर सरळ वर गेला, वारा नव्हता. रडू आलं नाही. भूक लागली होती, ते आठवतं. सकाळच्या भाकरीनंतर पोटात काही नव्हतं. बायांनी मयताच्या घरी देतात ती कडू भाकर आणून दिली ती मी सगळी खाल्ली. पोरगी बघत होती.

पोरीला रात्री एवढंच सांगितलं की होडी जमा करायची सही मी केली आहे, उद्या ट्रॅक्टर येणार आहे.  ती म्हणाली, "आईला ठावं व्हतं?"

म्हणलं, "मी सांगितलं न्हवतं."

चेअरमननं जाताना मला विचारलं होतं की ट्रॅक्टर दहाव्यानंतर लावू का. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. दिलंच नसेल.

सकाळी रोजच्या वेळेला जाग आली. मी कावडीला डबे लावले. पोरगी ताडपत्रीखालून बाहेर आली. "दादा, सुतक हाय. कुठं निघालाव?"

"होडीला पाणी."

"आज कशाला?"

मी निघालो. पाणी रात्रीतून पहिल्या फळीच्या खाली गेलतं. पाच जास्त ओतले होते तरी. मी एकटा, म्हणजे खेपेला दोनच डबे. मोजायची सवय मला नव्हती. सहा झाले, आठ झाले, मग एका खेपेला डोहात डबा बुडवला आणि आकडा गेला. परत एकपासून धरला. तोही गेला. मग मोजणं सोडलं.

वरून टँकरच्या चाकोरीनं ट्रॅक्टर उतरला. मागं ट्रॉली, ट्रॉलीत चार माणसं आणि दोर. ट्रॅक्टरवाला तालुक्यातला, मुसलमान, सोसायटीच्या मशिनी पण तोच दुरुस्त करायचा. मला ओळखत होता. गाडी होडीजवळ लावून तो खाली उतरला.

"सलाम चाचा. होडी न्यायला आलो."

"ने."

"अन पाणी कावून वतायलाव? भरल्यावर उचलायची न्हाई ही."

"रोज वततो."

"रोजचं ठीक हाय चाचा, पर आज तर ही जायलीय."

मी डबे रिकामे केले आणि कावड घेऊन परत डोहाकडं गेलो. परत आलो तेव्हा ट्रॉलीतला एकजण त्याच्या कानाशी काही बोलत होता आणि माझी पोरगी बाजूला उभी होती. ट्रॅक्टर बंद झालेला होता. ट्रॅक्टरवाला डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरून उभा होता.

"माफ करा चाचा. मालूम नव्हतं."

"तुला कसं ठाऊक असंल."

एक माणूस हळू म्हणाला, "आमी उपसू का पाणी? म्हंजी उचलता येईल."

म्हणलं, "उपसा. मी भरतो."

मी हे रागानं म्हणलो नाही. त्यांनी उपसलं असतं तर मी भरलं असतं, एवढंच सांगत होतो. होडीत तिचा उपसायचा डबा होता, कानाला चिंधी बांधलेला. त्यांच्यातल्या कोणी तो उचलला नाही. ते चौघे ट्रॉलीच्या सावलीला जाऊन बसले. ट्रॅक्टरवाल्यानं चेअरमनला फोन लावला, लागला नाही, धरणाच्या पोटात रेंज नसते. मग तोही बसला.

मी आणखी चार खेपा केल्या. मग फळीला पाठ लावून खाली बसलो, काल बसलो होतो तिथंच. अर्धी फाडलेली चिंधी तिथं पडलेली होती. वर बाया टँकरला आल्या होत्या. आज वरून कोणी ओरडलं नाही.

थोड्या वेळानं पाण्याकडं बघितलं. दुसऱ्या फळीला लागायला अजून चार बोटं कमी होतं. म्हणलं, "उठतो."

ट्रॅक्टरवाल्याला वाटलं त्यालाच म्हणलो. तो म्हणाला, "उठा की चाचा. कोण धरलंय तुमाला."

मी अंग एका बाजूला टाकून उठलो, कावड खांद्यावर घेतली आणि डोहाकडं गेलो.